एका गल्लीपासून: मुंबईत टीबीचं काम हाती घेणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

नवीन मुलंमुली कामाला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पेशंट शोधायचे कसे?" शोधायला फार वेळ लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात-सात माणसं झोपतात अशा वस्तीत दोन आठवडे दारं ठोठावली की खोकणारं कोणीतरी सापडतंच. खरं काम त्यानंतरचं. सापडलेला माणूस पुढचे सहा महिने रोज गोळ्या घेईल, उलट्यांना कंटाळून डबा माळ्यावर फेकणार नाही, न सांगता गावी निघून जाणार नाही, हे बघायचं.

गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमधून इतकी वर्षं हिंडून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. माहिती नाही म्हणून कोर्स क्वचितच तुटतो. तो खाडे झाले की मजुरी कापली जाते म्हणून तुटतो, सासरी कळेल या भीतीने तुटतो, घरात जेवायलाच नाही म्हणून तुटतो. त्यामुळे औषधाची माहिती हवीच, पण त्याहून जास्त त्या माणसाच्या दिवसाची माहिती हवी. तो उठतो कधी, कामावर जातो कधी, जेवतो कुठे. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी एवढं पक्कं करा

टीबी जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताट-वाटीतून, कपड्यांतून, हात मिळवल्याने टीबी पसरत नाही. मानेच्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी सहसा दुसऱ्याला होत नाही, औषध मात्र त्यालाही पूर्ण लागतं. फुप्फुसाच्या टीबीवर उपचारच झाले नाहीत तर एक माणूस वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण देऊ शकतो. लागण झालेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. जंतू अंगात निपचित पडून राहतो आणि उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू यांनी अंगातली ताकद गेली की डोकं वर काढतो.

लक्षणं तोंडपाठ हवीत: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री घाम, बेडक्यातून रक्त. यातलं एकही असलं तरी तपासणी करायची.

पहिली पायरी: गल्ली ठरवा, वॉर्ड नाही

मुंबई पालिकेने शहर वॉर्डांत वाटलेलं आहे. गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा एम पूर्व वॉर्ड. धारावी जी उत्तरमध्ये येते. उत्साहाच्या भरात "आम्ही अख्खी बैंगनवाडी करतो" असं सांगून आलेले गट तीन महिन्यांत दिसेनासे झालेले मी पाहिले आहेत. पन्नास-साठ घरांची एक गल्ली किंवा एका इमारतीची एक विंग घ्या. तेवढी नीट केलीत की शेजारची गल्ली आपोआप बोलावते.

वस्तीत शिरण्याआधी पालिकेच्या हेल्थ पोस्टवर जा. तिथल्या आरोग्यसेविकांना त्या भागातलं घर न् घर माहीत असतं. त्यांना डावलून काम करू नका. त्या तुमच्या आधीपासून तिथे उन्हातान्हात फिरत आहेत. तुमचं टीबी युनिट (भागातलं टीबीचं सरकारी केंद्र) कोणतं, तिथले वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक कोण (सगळे त्यांना 'एसटीएस' म्हणतात), थुंकी किती वाजेपर्यंत घेतात, एक्स-रे कुठे निघतो, हे सगळं पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. वही साधी दोनशे पानी घ्या. मोबाइलवर याद्या ठेवू नका, ते का हे पुढे येईल.

मग गल्लीतल्या चार माणसांना भेटा: बचत गटाची ताई, गणपती मंडळाचा एखादा जबाबदार कार्यकर्ता, मेडिकलवाला आणि कोपऱ्यावरचा खासगी डॉक्टर. यातला मेडिकलवाला सगळ्यात कामाचा. कोण महिन्यात तिसऱ्यांदा खोकल्याचं औषध घेऊन गेलं, हे त्याला माहीत असतं. त्याच्याकडून नावं मागू नका. त्या गिऱ्हाइकाला त्यानेच "एकदा थुंकी तपासून घे" म्हणावं, एवढी विनंती करा.

दुसरी पायरी: दार

पाणी येण्याच्या वेळी कोणाच्याही दारात उभं राहू नका. आपल्याकडे त्या तासाभरावर घराचा पूर्ण दिवस अवलंबून असतो. दुपारी दोन ते चार बायका भेटतात, कामावर जाणारी माणसं रात्री नऊनंतर किंवा रविवारी.

दारातून "घरात कोणाला टीबी आहे का?" असं कधीही विचारायचं नाही. भिंती पत्र्याच्या असतात, शेजारच्या तीन घरांना ऐकू जातं. "दोन आठवड्यांपासून कोणाला खोकला, ताप आहे का? कोणी बारीक होत चाललंय का?" एवढं पुरे. अर्ध्या वस्तीत हे हिंदीत विचारावं लागेल, त्याचीही आधी सवय करा. घरातल्या सुनेशी बोलायला वेगळी वेळ काढा. सासूसमोर ती "मला काही नाही" असंच म्हणणार. टीबी झालेल्या सुनेला माहेरी पाठवल्याची उदाहरणं आजही घडतात, लग्न ठरलेल्या मुलीच्या घरचे तर डॉक्टरचा कागदसुद्धा लपवतात. त्यांना बोल लावू नका. त्यांची भीती खरी आहे.

गळ्यात टीबीच्या नावाचा बिल्ला किंवा खांद्याला तशी छापील पिशवी नको. तुम्ही कोणत्या घरात किती वेळ बसलात, हे गल्ली मोजत असते.

आणि स्वतःला जपा. तपासणी न झालेल्या, खोकणाऱ्या माणसाशी दाराबाहेर मोकळ्यावर बोला, बंद खोलीत बसावं लागलंच तर एन-९५ मास्क लावा. उपाशीपोटी फेरीवर निघू नका. तुम्हालाच दोन आठवडे खोकला झाला तर आधी स्वतःची थुंकी द्या.

तिसरी पायरी: थुंकी

इथे निम्मे नमुने वाया जातात, कारण माणूस डबीत लाळ टाकून येतो. समजावून सांगा: साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, छातीतून जोर लावून खोकायचं आणि जो घट्ट बेडका येईल तोच डबीत टाकायचा. सकाळी उठल्या उठल्याचा नमुना सगळ्यात चांगला. हे घरात किंवा सार्वजनिक संडासात करू नका. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब. झाकण घट्ट लावा आणि डबी त्याच दिवशी पोचवा.

सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवर टीबी आहे की नाही हे तर कळतंच, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूला लागू पडेल का, हेही काही तासांत कळतं. म्हणून नुसत्या एक्स-रेवर औषध सुरू होत असेल तर "मशीनची तपासणी झाली का?" हे नम्रपणे पण नक्की विचारा. टीबी निघाला की एचआयव्ही आणि साखर याही तपासण्या व्हायला हव्यात.

वस्तीतली बहुतेक माणसं आधी जवळच्या खासगी दवाखान्यात जातात. रांग नसते, रोज बुडत नाही. तिथे कधी कधी अशी अँटिबायोटिक दिली जातात की चार दिवस बरं वाटतं आणि टीबी झाकला जातो. डॉक्टरशी भांडण काढू नका, उद्या त्यांचीच मदत लागणार आहे. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारकडे नोंदवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. शिवाय खासगीत उपचार घेणाऱ्यालाही मोफत औषधं आणि पोषणाचे पैसे मिळू शकतात. हे सांगितलं की बरेच डॉक्टर स्वतःहून रुग्ण पाठवायला लागतात.

चौथी पायरी: सहा महिने

इथे थांबून नीट वाचा.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पूर्वी एक दिवसाआड डोस असायचा. २०१७ पासून रोज. किती गोळ्या हे वजनावर ठरतं, म्हणून एकाच घरातल्या दोघांचे डोस वेगळे असू शकतात आणि एकमेकांच्या पाकिटातल्या गोळ्या चालत नाहीत.

पहिल्या आठवड्यात काय होणार ते आधीच सांगून ठेवा. लघवी नारिंगी-लाल होते. ते रिफाम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. न सांगितल्यामुळे "औषधाने रक्त जातंय" म्हणून गोळ्या गटारात टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. मळमळ होते, सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात. यावर केंद्रात उपाय असतो. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, किंवा दिसायला अंधुक लागलं, रंग ओळखेनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही: रिफाम्पिसिनमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. बाईला हे बाजूला घेऊन सांगा आणि दुसरा उपाय डॉक्टरांना विचारायला लावा.

आता दिवसाचा हिशोब. बैंगनवाडीतल्या एका जरीच्या कारखान्यात काम करणारा पोरगा दीड महिन्यात तीनदा गैरहजर दिसला. सगळे म्हणाले, बेफिकीर आहे. मी रात्री दहा वाजता कारखान्यात गेले. आठ पोरं त्याच खोलीत काम करतात, तिथेच झोपतात. त्याने टीबीचं कोणालाच सांगितलं नव्हतं. मालकाला कळलं तर अड्ड्यावरून (जरीकामाच्या जागेवरून) उठवतील ही भीती. गोळ्या घ्यायला एकटेपणा मिळायचा तो फक्त सकाळी संडासच्या रांगेत. मग आम्ही ठरवलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे एक डबा ठेवायचा. चहावाल्याला "शक्तीच्या गोळ्या" एवढंच माहीत. त्याच्या गोळ्या पुढे चुकल्या नाहीत. त्याच्याच परवानगीने, त्याचं नाव न घेता, सगळ्याच कारखान्यांत खोकल्याची तपासणी लावली आणि त्या खोलीतल्या पोरांचीही तपासणी झाली.

प्रत्येकासाठी असा एक 'चहावाला' शोधायचा असतो. कोणाचा तो घरातला नववीतला मुलगा असतो, कोणाची शेजारची मावशी. तो कोण, हे रुग्णालाच ठरवू द्या.

सगळ्यात धोक्याचा काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो, कारण तेव्हा बरं वाटायला लागतं. खोकला गेला, भूक लागते, मग गोळ्या कशाला? त्या दिवसांत फेऱ्या वाढवा. एक दिवस चुकला तर त्याच संध्याकाळी जा, फोनवर भागवू नका. ओरडू नका. "काल काय झालं?" असं विचारा आणि गप्प बसा, कारण तो स्वतः सांगतो. दारू पिणाऱ्या माणसालाही हेच. "आधी दारू सोड, मग औषध" असं म्हणणं म्हणजे त्याला हाकलून देणं. गोळ्या चालू ठेवायच्या आणि दारूसाठी डॉक्टरांशी वेगळं बोलायचं.

केंद्रात कधी औषधाचा तुटवडा होतो, सुट्ट्या येतात. म्हणून घरातल्या गोळ्या संपायला पाच दिवस असतानाच पुढचं पाकीट आणायची शिस्त लावा.

दोन महिन्यांनंतरही थुंकीत जंतू दिसत असतील, वजन हलत नसेल, तर औषधाला न जुमानणारा टीबी असू शकतो. मुंबईला तो नवा नाही. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस जवळजवळ कोणतंच औषध लागू न पडणाऱ्या रुग्णांची नोंद जगापुढे ठेवली होती. पूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षं औषधं लागायची, त्यात रोजची इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्तीच जायची. आता बेडाक्विलिनसारखी औषधं आहेत आणि बऱ्याच जणांना सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा कोर्स मिळतो. कोणाला कोणता कोर्स, हे तज्ज्ञ ठरवतात. गंभीर रुग्णांसाठी शिवडीचं पालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे. "शिवडी" शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते, म्हणून पहिल्या वेळी सोबत जा. केसपेपरच्या खिडकीपर्यंत नुसतं सोबत चालणं, हेही काम आहे.

पाचवी पायरी: ताट आणि पैसे

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ दरम्यान एक मोठा अभ्यास झाला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू खूप कमी दिसले. म्हणून वजनकाटा हे तुमचं हत्यार समजा. दर महिन्याला वजन घ्या आणि रुग्णासमोर वहीत लिहा. ४१ चे ४३ झाले की माणूस स्वतःच पुढचं पाकीट आणायला निघतो.

महागडी पावडर विकत आणायला लावू नका. अंडी, शेंगदाणे-गूळ, चणे, मोड आलेली मटकी, बोंबील-सुकट खाणाऱ्यांना तेही. हे वस्तीत मिळतं आणि परवडतं.

टीबी रुग्णाला खाण्यापिण्यासाठी सरकारी पैसे देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली. १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात. पैसे थेट बँक खात्यात येतात आणि तिथेच अडतात. खातं बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही, नावाचं स्पेलिंग वेगळं. उपचार सुरू झाल्याच्याच आठवड्यात पासबुक बघा. खातं नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत शून्य शिलकीवर उघडता येतं. अडलं तर निक्षयची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६.

२०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून कोणीही रुग्णाला शिध्याची मदत करू शकतं. मंडळांना, दुकानदारांना हे जरूर सांगा. पण शिधा देताना फोटो काढायचा नाही, यावर मी कधीच तडजोड करत नाही. एका कार्यक्रमात किट हातात धरलेल्या बाईचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि तिची धुण्याभांड्याची दोन कामं त्याच आठवड्यात सुटली. मोबाइलवर यादी ठेवू नका म्हटलं, ते यासाठीच. पिशवी साधी असावी, संध्याकाळी घरी पोचवावी.

सहावी पायरी: खोली आणि खोलीतली माणसं

गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झालेला आहे. इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि त्याच घरांत टीबी जास्त आढळला. इमारती तुम्हाला हलवता येणार नाहीत. दोन इमारतींच्या मधल्या बोळात वरून कचरा पडतो, घाण आणि डास येतात, म्हणून खिडक्या बारा महिने बंद असतात. तो बोळ साफ करून घ्या, खिडकीला जाळी लावून ती उघडायला लावा. सोसायटीच्या बैठकीत हा विषय टीबीचं नाव न घेता मांडता येतो. झोपडीत रुग्णाला पोटमाळ्यावर झोपवतात, तिथे हवा सगळ्यात कमी. त्याची जागा दाराजवळ किंवा खिडकीजवळ हवी आणि पंख्याचा वारा त्याच्याकडून बाहेर जाईल असा.

ताट वेगळं करायची गरज नाही, हे घरच्यांना पटवा. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात घरी राहून औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप उतरतो. तोवर मास्क किंवा रुमाल.

घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या, पाच वर्षांखालच्या मुलांची सगळ्यात आधी. ज्यांना आजार नाही त्यांना टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळतं. "काही झालं नसताना गोळ्या कशाला?" हा प्रश्न येणारच. लहान मुलांना बीसीजीची लस दिलेली असली तरी ती मोठेपणी फुप्फुसाच्या टीबीपासून पुरेसं वाचवत नाही, हे सांगा.

सातवी पायरी: गाव

मे महिना, गणपती, ईद, छठ, गावाकडची पेरणी. या दिवसांत वही उघडून बसा. "जाऊ नका" म्हणण्यात अर्थ नाही, ते जाणारच. पंधरा दिवस आधी विचारा, कोणत्या तालुक्यात जाणार? निक्षय आयडी (सरकारी नोंदीतला रुग्णाचा नंबर) कागदावर लिहून पाकिटाला चिकटवा. एसटीएसना सांगितलं की उपचार तिकडच्या केंद्रात हलवता येतात. तोवर पुरतील एवढ्या गोळ्या हातातल्या पिशवीत, गाडीत वर टाकलेल्या बॅगेत नाही.

शेवटची थुंकी तपासून कोर्स संपला की वहीतलं पान बंद करू नका. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, पुन्हा विचारपूस आणि गरज पडल्यास तपासणी करायची असते. त्या चार तारखा त्याच दिवशी पानावर लिहा. मधल्या काळात माणूस भाड्याची खोली बदलतो, सिमकार्ड बदलतो. म्हणून दोन नंबर घेऊन ठेवा, एक त्याचा आणि एक गावच्या घरचा.